नेब्रास्काचं फुटबॉल एका हकालपट्टीने बुडालं का?

2003 मध्ये हेड कोच फ्रँक सोलिचला काढलं नसतं तर नेब्रास्का विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉल आजही अव्वल असतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अव्वल नसतं, पण इतकं खालीही गेलं नसतं.

सोलिचच्या आधी टॉम ऑसबोर्न 1973 ते 1997 हेड कोच होता. 25 सीझन, आणि एकदाही 9 पेक्षा कमी विजय नाहीत. शेवटच्या पाच वर्षांत 60 जिंकले, 3 हरले, तीन राष्ट्रीय विजेतेपदं. आणि हे वीस लाखांहून कमी वस्तीच्या राज्यात! तिथे एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची, टीम नाही, त्यामुळे गावोगावची पोरं स्कॉलरशिप नसली तरी स्वतःची फी भरून टीममध्ये यायची. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. दोन-तीन वर्षं वेटरूममध्ये (वजनं उचलायच्या जिममध्ये) घाम गाळला की त्यातलीच काही ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे पुढे राहून वाट मोकळी करणाऱ्यांत, उभी राहायची. त्यांच्या मागे ऑप्शन, म्हणजे बॉल आपल्याकडे ठेवायचा की बाजूच्या रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) टाकायचा, हे क्वार्टरबॅकने (हल्ला चालवणाऱ्या खेळाडूने) पळता पळता ठरवायचं. पासिंगवर खेळणाऱ्या कॉलेजांना असा क्वार्टरबॅक नको असायचा, तो लिंकनला, म्हणजे या विद्यापीठाच्या शहरात, यायचा. आणि हे शिकवणारे असिस्टंट कोच वर्षानुवर्षं तेच.

घडी विस्कटायला सुरुवात झाली ती सोलिच जायच्या आधीच. 1977 पासून स्टाफमध्ये असलेला डिफेन्सचा कोच चार्ली मॅकब्राइड 1999 च्या सीझननंतर निवृत्त झाला. नेब्रास्काचं कॉन्फरन्सचं (एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं) शेवटचं विजेतेपदही 1999 चंच. 2001 मध्ये क्वार्टरबॅक एरिक क्राउचला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळाली आणि त्या कौतुकात कोलोरॅडोने 62-36 धुतलं होतं ते झाकलं गेलं. पुढच्या वर्षी 7-7, म्हणजे 7 विजय, 7 पराभव.

सोलिचने मग स्टाफ बदलला, 2003 मध्ये 9-3 करून दाखवलं, तरी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्टीव्ह पीडरसनने त्याला घरी पाठवलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी! नवा कोच मिळायला महिन्याहून जास्त लागला. आला बिल कॅलहन, एनएफएलच्या रेडर्सना सुपर बोलपर्यंत (लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत) नेलेला. त्याने ऑप्शन मोडीत काढून पासिंगचा वेस्ट कोस्ट ऑफेन्स आणला, हातात पोरं मात्र ऑप्शनसाठी निवडलेली. 2004 मध्ये टेक्सस टेककडून 70-10 अशी हार, सीझन 5-6, आणि सलग 35 वर्षं बोल गेम (सीझननंतर चांगल्या टीमना मिळणारा सामना) खेळणारी टीम डिसेंबरात घरी. माझा राग सोलिचला काढण्यापेक्षा या उलथापालथीवर जास्त आहे. (सोलिच पुढे ओहायो युनिव्हर्सिटीत 16 सीझन टिकला. त्याने 2002 नंतर काढलेल्या डिफेन्सच्या कोच क्रेग बोलने नॉर्थ डकोटा स्टेटला खालच्या विभागात सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली.)

आता अव्वल का राहिलं नसतं, ते. टीव्हीवर किती सामने दाखवायचे यावरचं नियंत्रण उठवणाऱ्या 1984 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हळूहळू सगळ्याच टीम टीव्हीवर दिसू लागल्या. स्कॉलरशिपची मर्यादा 105 वरून उतरत 85 वर आली. वेटरूम सगळ्यांनीच बांधल्या. नेब्रास्काचं जे वेगळेपण होतं, ते कोणताही कोच असता तरी ओसरणारच होतं. त्यात 2011 मध्ये बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर टेक्ससच्या टीमशी नियमित खेळण्याचं नातं तुटलं, आणि तिथून पोरं आणणं आणखी अवघड झालं.

पुढे तेच चक्र. बो पेलिनी दरवर्षी किमान 9 जिंकायचा. तोंडाने फटकळ, हे मान्य, पण 2014 मध्ये त्याला काढून माइक रायलीला आणलं त्याचं फळ 19-19. मग स्कॉट फ्रॉस्ट, 1997 च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक. घरचा पोरगा आला म्हणून अख्खं राज्य खूश. 16-31. 2021 मध्ये 9 सामने हरले, एकही 9 पेक्षा जास्त गुणांनी नाही! तरीही स्टेडियम 1962 पासून हाउसफुल.

मॅट रूलने 2024 मध्ये 7-6 केलं, आठ वर्षांनी बोल गेम गाठून जिंकला. मला विचाराल तर त्याला निदान सात-आठ वर्षं हात लावू नये. पण नेब्रास्काचे बूस्टर (पैसा पुरवणारे समर्थक) माझं कशाला ऐकतील!