कीर्द खोडायची नाही

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोप उडाली. 'मावशी, सहा वर्षांची वाचनाची यादी उडवून टाकतेय. दहावीपासूनचं सगळं आहे त्यात, आता वाचवत नाही. एक जानेवारीपासून नव्यानं, नीट सुरू करते. रकाने कोणते ठेवू ते सांग.' रकाने सांगते. पण हे पत्र वाचून होईपर्यंत त्या यादीला हात लावू नकोस.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचाव्यात का, हे मी तुला पटवत बसणार नाही. तो विषय तू सात वर्षांची होतीस तेव्हाच आपल्या घरात संपला. तुझी अडचण वेगळी आहे आणि ती तू पुरती सांगितली नाहीस, म्हणून मीच सांगते. सोळाव्या वर्षी तू एका ड्रॅगनवाल्या मालिकेला पाचपैकी पाच तारे दिलेस, खाली लिहिलंस 'आयुष्यातलं सगळ्यात भारी पुस्तक'. आता तुझ्या कॉलेजातली मंडळी त्या मालिकेला हसतात. ते पाच तारे कुणाच्या दृष्टीस पडायला नकोत, तुझ्यासुद्धा. एवढंच ना?

मी सदतीस वर्षं हिशेबखात्यात काढली, त्यातली पहिली चौदा-पंधरा हातानं लिहिण्यात गेली. लाल कापडी बांधणीच्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, एकेक अशी जड की दोन्ही हातांनी उचलावी लागे. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कांनी माझ्या टेबलावरचा खोडरबर उचलला आणि स्वतःच्या खणात टाकला. म्हणाले, "कीर्दीत खोडायचं नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख." ब्लेडनं खरवडलेलं पान असलं की ऑडिटर नेमकं तेच आधी उघडून बसायचे. आकडा चुकला म्हणून कुणाला घरी पाठवल्याचं मला आठवत नाही. झाकला म्हणून पाठवलेलं मी पाहिलं आहे.

तुझी यादी म्हणजे कीर्द आहे, बाळा. ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवशी लिहिलेलं. तुला जे हवंय, लेखकवार, प्रकारवार, आवडीनिवडीप्रमाणे लावलेलं, त्याला खतावणी म्हणतात. ती कधीही करता येते, मोडून पुन्हा करता येते. एक जानेवारीला खुशाल कर. पण खतावणी कशावरून करणार? कीर्दीवरूनच ना! आणि कीर्द दुसऱ्यांदा लिहिता येत नाही, कारण तो दिवस पुन्हा येत नाही. कीर्द खोडायची नाही.

हे मी इतक्या जोरात सांगतेय कारण मी खोडली आहे.

१९८४ साल. मी चोवीस वर्षांची, नोकरीत तीन वर्षं झालेली, संध्याकाळी एम.ए.च्या वर्गाला जायची. तिथल्या एका प्राध्यापकांना कळलं की मी बाराव्या वर्षापासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवते. ते म्हणाले, आणा, बघू. माझ्या दोन शंभरपानी वह्या होत्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या. त्या तशाच न्यायची मला लाज वाटली. तीन आठवडे रात्री जागून मी त्या नव्या वहीत उतरवल्या आणि उतरवताना 'सुधारल्या'. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या सगळ्या नोंदी गाळल्या. परग्रहावरच्या राक्षसांची भाषांतरित पुस्तकं गाळली. जिथे 'रडले' होतं तिथे 'परिणामकारक' लिहिलं. मग जुन्या दोन्ही वह्या रद्दीत घातल्या. दिवसा ऑफिसात एका रेघेनं कापायचं आणि घरी येऊन मागचं सगळं नाहीसं करायचं, हे मी एकवीस रात्री केलं आणि एकदाही मला त्यात विसंगती दिसली नाही. प्राध्यापकांकडून वही महिन्याभरानं परत आली. मी घातलेला रबर बँड दोन वेढ्यांचा होता, तो तसाच होता.

त्याची किंमत कधी कळली ते सांगते. २० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. त्या रात्री मी वही काढली. त्यांच्या विज्ञानकथांचं 'यक्षांची देणगी' १९७९ मध्ये आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ते पुस्तक मी वाचनालयातून आणून दोन दिवसांत दोनदा वाचलं होतं, एवढं पक्कं आठवतं. त्या मुलीला ते वाचून काय झालं होतं हे मला त्या रात्री हवं होतं. वहीत होतं: 'विज्ञान आणि लालित्य यांचा सुरेख मेळ.' हे वाक्य कुणीही लिहील. मी तेव्हा काय लिहिलं होतं? गच्चीवर गेले होते का? कुणाशी भांडले होते का? रद्दीवाल्याला ठाऊक.

नारळीकरांचंच एक सांगते, तुझ्या कॉलेजच्या मंडळींवर उपाय म्हणून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव. परीक्षकांनी नाव बघून मत बनवू नये एवढाच हेतू. पहिलं बक्षीस मिळालं. तुझ्यापुरती तीच खबरदारी घे. पुस्तक मिटलं की आधी लिही, मग लोक काय म्हणतात ते बघ. लोक चुकीचं बोलतात असं नाही, पुष्कळदा बरोबरच बोलतात. पण त्यांचं एकदा कानावर पडलं की तुझं तुला ऐकू येत नाही.

रद्दीत गेलेल्या त्या दोन वह्यांमधलं एक पान मात्र बचावलं. आईनं फडताळात तेलाच्या बरणीखाली घातलं होतं. २००९ मध्ये घर रिकामं करताना सापडलं. मधोमध बरणीच्या बुडाचा तेलकट गोल आहे. वर नोंद: '१४ जून १९७५. समर्थ. रात्री ११.४०. दिवा घालवायला उठले नाही. आई ओरडली. सकाळी परत केलं, दुसरं आहे का विचारलं. नाही.' धारपांच्या 'समर्थ'ची हीच नोंद मी नऊ वर्षांनी लाजेनं गाळली होती. आज अठरा वह्यांमधल्या सगळ्या शहाण्या वाक्यांपेक्षा मला ही जवळची आहे. पंधरा वर्षांची ती मुलगी अंथरुणात पाय आखडून बसलेली मला दिसते.

त्याच्या खाली ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला, पाणबुडीतल्या कॅप्टन निमोचा. मी लिहिलंय: 'निमो नक्की फ्रेंच राजा. राज्य गेलं म्हणून जगावर चिडलाय.' त्यावर निळ्या बॉलपेननं एक रेघ आणि वर: 'बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार! ३ मार्च १९८२.' त्या तारखेला मी नोकरीत नवी होते आणि हेडक्लार्कांचं ताजं शिक्षण घरच्या वहीत वापरत होते. रेघेखालचं पेन्सिलीतलं अजून वाचता येतं.

बघ, या एका रेघेत किती मावतं. पाणबुडीचं पुस्तक १८६९-७० चं. त्यात निमो कोण, कुठला, हे व्हर्न सांगतच नाही. त्याच्या मनात निमो पोलिश सरदार होता, रशियनांनी कुटुंब मारलं म्हणून सूडाला पेटलेला. प्रकाशक हेत्झेलना ते चालेना, रशियातला खप बुडाला असता. मग १८७४-७५ च्या गूढ बेटाच्या कादंबरीत तो १८५७ च्या उठावात लढलेला हिंदुस्थानी राजपुत्र निघाला. आणि हे करताना हिशेब चुकला! पहिल्या पुस्तकात निमोच्या कैदेतले प्रोफेसर अरोनाक्स पाणबुडीतून निसटतात ते १८६८ मध्ये. दुसऱ्यात निमो म्हातारा होऊन त्याच १८६८ मध्ये मरतो आणि अरोनाक्सला जाऊन सोळा वर्षं झाली असं सांगतो. सोळा वर्षांचा फरक, ताळा कसा जुळणार? तारखा जुळत नाहीत हे मान्य करणारी टीप पुस्तकातच आहे. मला ती टीप फार आवडते. आधीचं पुस्तक कुणी मागे घेतलं नाही. दोन्ही तशीच छापली जातात, आणि पोलिश निमोही हेत्झेलबरोबरच्या पत्रव्यवहारात शिल्लक आहे. मोठ्या लेखकाच्या खाडाखोडीवर लोक आयुष्य घालवतात, आणि तू तुझी सहा वर्षांची एका बटणासरशी पुसायला निघालीस.

आता रकाने. पुस्तक मिटल्याची तारीख. कुठून मिळालं: वाचनालय, उसनं, रस्त्यावरचा ढीग, मोबाइल. अर्धवट सोडलं तर कुठल्या पानावर, आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं (मी एक प्रसिद्ध महाकादंबरी तीनदा सोडली आहे, तिन्ही वेळा घरात आजारपण होतं, दोष पुस्तकाचा नव्हता हे मला नोंदींवरूनच कळलं). आणि भाषांतरकार. हा रकाना चुकवलास तर माझी नोंद ठेवण्यावरची श्रद्धाच तुला कळली नाही असं मी समजेन. पोलिश विज्ञानकथालेखक स्तानिस्वाव लेमचं 'सोलारिस' पोलिशमध्ये आलं १९६१ ला. १९७० चं इंग्रजी पुस्तक मूळ पोलिशवरून केलेलंच नाही, ते फ्रेंच भाषांतरावरून केलेलं आहे. मी ते वाचून 'लेम कोरडा' असं लिहून मोकळी झाले होते. हे कळल्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'कोरडेपणा कुणाचा ते सांगता येत नाही. खातं बदललं.' व्हर्नचंही तेच. पाणबुडीच्या कादंबरीच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतरात पाचव्या हिश्शाहून जास्त मजकूर कापलेला आहे, आणि नेब्रास्कातल्या 'बॅडलँड्स' या प्रदेशाचं भाषांतरकार गृहस्थांनी 'नावडता मुलूख' असं काहीतरी करून ठेवलंय. कित्येक पिढ्यांनी त्यावरून व्हर्नला पोरकट ठरवलं. रक्कम भलत्याच्या नावे पडली.

शेवटचा रकाना: तुला काय झालं. पुस्तक कसं आहे ते नको, तुला काय झालं ते. एक ओळ पुरे.

तारे हवे असतील तर ठेव. त्या पाचांचे आज तीन वाटतात? मग पाचावर एक रेघ मार (तुझ्या त्या तक्त्यात अक्षरांवर रेघ मारायची सोय आहे, मी बघितलंय), शेजारी तीन लिही, आजची तारीख घाल. पाच दिसायला हवेत. सोळाव्या वर्षी तुला खरोखर पाच वाटले होते, ती रक्कम त्या दिवशी खरोखर जमा झाली होती. ती नाकारायचा अधिकार बावीस वर्षांच्या तुला नाही. कॉलेजातल्या मंडळींना तर नाहीच नाही.

तू विचारशील, किंवा मनात म्हणशील, की अठरा वह्या भरून मावशीनं केलं काय? लेख नाही, पुस्तक नाही. माझा भाऊ तर तोंडावर म्हणतो, "तू वाचतेस की हिशेब ठेवतेस?" दोन्ही करते. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं होतं, की वह्यांवरून मराठी विज्ञानकथेच्या वाचनाचा मोठा लेख लिहा. मी नाही म्हटलं. लेख म्हटला की सगळं एका सुरात आणावं लागतं, एका मतानं चाळीस वर्षं वाचल्यासारखं दाखवावं लागतं. ते मी १९८४ मध्ये एकदा केलं होतं, पुन्हा करणार नव्हते. लोकांना तो आळस वाटला, काहींना गर्व. वाटू दे. मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं, आणि हे लिहिताना लक्षात येतंय की ते मी कुणाला तरी सांगायची वाट बघत होते.

तर आज रात्री यादी उघड. पहिली ओळ कुठली आहे ते मला पाठव, तारखेसकट, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. काही दुरुस्त केलेलं पाठवलंस तर मला कळेल, सदतीस वर्षं तेच केलं आहे.

तेलाच्या डागाच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडते आहे. पेन्सिल पुसट झाली आहे. निमोच्या नोंदीवरची रेघ जाड दिसते, पण कागद खिडकीपाशी जरा तिरका धरलास तर खालचं 'फ्रेंच राजा' लागतं.

तुझी,
मावशी