तांदळाच्या डब्यातला गणपती

“ताई, मुलगी आठ वर्षांची आहे. पहलगामची बातमी पाहिल्यापासून शुभंकरोती म्हणत नाही. देव होता तर त्याने वाचवलं का नाही, असं विचारते. काय सांगू? आणि दिव्यापुढे जबरदस्तीने बसवू की सोडून देऊ?”

२२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमध्ये पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. मी समुपदेशक आहे, तेव्हापासून मला असे फोन खूप आले. दर वेळी मला एक बोटभर उंचीचा पितळी गणपती आठवतो.

११ जुलै २००६, मंगळवार, गुरुपौर्णिमा. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० च्या वर माणसं गेली. त्यात विरारकडच्या एका घरातले बाबा होते. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला सोहम म्हणू. (नाव आणि घरातले बारीकसारीक तपशील बदललेत.)

त्या संध्याकाळी फोन लागत नव्हते. आजींनी देव पाण्यात घातले. टाक, बाळकृष्ण, गणपती, सगळे एका पातेल्यात. सोहम रात्रभर त्या पातेल्याशेजारी बसून होता. पहाटे निरोप आला तेव्हा देव पाण्यातच होते.

तेरावं झाल्यावर सोहमची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. तक्रार देवाबद्दल नव्हतीच. शाळेतला शहाणा मुलगा अचानक वह्या फाडायला लागला होता, बहिणीला चिमटे काढत होता. तिसऱ्या भेटीत कारण कळलं. घरी येणारा प्रत्येक जण म्हणून जायचा, “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.” सोहमने त्याचा साधा हिशोब मांडला होता: आपण वाईट वागलो की आपल्याला नेणार नाही. सांत्वनाला जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे वाक्य मुलांसमोर नको. काहीच सुचलं नाही तर गप्प बसा, भांडी घासा.

“बाबा देवाघरी गेले” याचंही तसंच. पाच वर्षांची धाकटी विचारायची, देवाघरी दिवाळीची सुट्टी असते का. शेवटी आईनेच दोघांना जवळ घेऊन सांगितलं, मी फक्त शेजारी बसले: “बाबा वारले. ते परत येणार नाहीत. काही माणसांनी गाडीत बॉम्ब ठेवले, त्यात ते गेले. देवाने ठेवले नव्हते. आणि तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.” सोहमने लगेच विचारलं, “दुखलं असेल का?” आई म्हणाली, “मला माहीत नाही रे.” त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी सलग झोपला. टीव्हीवरची ती दृश्यं बंद केली, त्याचाही उपयोग झाला असेल.

मग एके दिवशी देव्हाऱ्यातला गणपती गायब झाला. आजी भाताला तांदूळ काढायला गेल्या, तर डब्यात गणपती. सोहमने त्याला कोंडला होता. मी फोनवर सल्ला दिला की काही न बोलता परत जागेवर ठेवा. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी गणपती पुन्हा तांदळात, या वेळी पार तळाशी. गावाहून आलेल्या एका काकांनी पाप-पाप करून शांती करायला सांगितली. आजी मात्र मला म्हणाल्या, “बाई, जनीने विठोबाला शिव्या घातल्या, त्याने काय केलं तिचं? मी त्याला पाण्यात कोंडला, नातवाने तांदळात. राहू दे.” पुढचे दोन महिने त्या गणपतीच्या आजूबाजूने वाटीभर तांदूळ काढत राहिल्या. माझ्या पुस्तकांत याच्याहून चांगला उपाय मला मिळाला नव्हता.

२७ ऑगस्टला चतुर्थी होती. घरात वर्षभर सण नव्हताच. सोसायटीच्या मंडळाने मला विचारलं, बसवायचा की नाही. मी म्हटलं, बसवा, पण लायटिंग आणि लाउडस्पीकर नको, आणि त्या पोराला हाताला धरून आरतीला ओढू नका. त्याला काहीतरी काम द्या. त्याने चपला लावायचं काम मागून घेतलं. आरतीकडे पाठ करून दहाही दिवस तो चपलांच्या रांगा लावत होता.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र मुसलमान. स्फोटांनंतर सोहम त्याच्याशी बोलेना. सुतकात चूल पेटत नाही म्हणून शेजारचे डबे येत होते, तेव्हा त्या मुलाची आई चहाची किटली आणि पाव घेऊन दारातच उभी राहिली होती. आपल्या हातचं चालेल की नाही, आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं. आजींनीच तिला आत बोलावलं. सोहम तेव्हा उठून गॅलरीत गेला होता.

८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले. शुक्रवार, शब-ए-बरात, जुम्म्याची नमाज नुकतीच झालेली, कब्रस्तानाजवळची मशीद. आपल्याकडे पितृपक्ष लागला होता. तिथेही लोक आपल्या गेलेल्यांसाठीच जमले होते. सोहम बातमी ऐकून खाली गेला आणि मित्राच्या आईला विचारलं, “तिथे पण कोणाचे बाबा होते?” ती म्हणाली, “हां बेटा.” पुढच्या भेटीत तो मला म्हणाला, “म्हणजे त्यांचा देव पण झोपला होता.” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायलाही गेले नाही. तो मित्राबरोबर पुन्हा क्रिकेट खेळायला लागला होता.

तर मुलीबद्दल विचारणाऱ्या त्या फोनवरच्या ताईंना मी सांगितलं: दिवा तुम्ही लावा, रोजच्या वेळेला. मुलीला बसवू नका आणि हाकलूही नका. ती भांडली तर भांडू द्या. झोप, भूक, शाळा महिनाभरातही रुळावर आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दिवाळीच्या आधी आजींचा फोन आला होता. “आज डब्यात गणपती नाही. देव्हाऱ्यात बसवलाय त्याने, पण भिंतीकडे तोंड करून. वळवू का?”

मी म्हटलं, “नको, आजी.”

“तेच म्हटलं विचारावं,” त्या म्हणाल्या. “फूल मागूनच वाहिलंय.”