जुन्या गाडीच्या स्विचमधले बल्ब काढून एलईडी लावावेत का? कोणत्या रंगाचे, आणि बॅटरी वाचते का?

लावा. बिनधास्त लावा, फक्त मीटरमधल्या बॅटरीच्या चित्रामागच्या बल्बला हात लावू नका. मी लावला होता. त्यापायी आई, बाबा आणि सत्तरी ओलांडलेली आत्या डिसेंबरच्या रात्री इंदूरजवळच्या भेरूघाटात दीड तास अडकून पडली, आणि आमच्या घरात एलईडीचं नाव निघालं की आजही वाद होतो. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

तुमची गाडी २००१ ची, काचेच्या आणि एसीच्या बटणांतले निम्मे दिवे गेलेत, आणि दुकानदार अख्खा स्विच बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. आमचंही तेच होतं. गाडी १९९९ ची, छोटी, पेट्रोलची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता. २०११ मध्ये बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. रात्री गाडी चालवताना काच खाली घ्यायची असली की ते बटणांवरून नुसता हात फिरवत राहायचे. पुढची काच उघडायला जावं तर मागची उघडायची. मग आतला दिवा लावायचे, की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर आणि रस्ता दिसेनासा. मी शेजारी बसून हे बघायचो आणि पोटात गोळा यायचा. शोभेसाठी मी काही केलं नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण काका अजून तसंच म्हणतात.

तुमचा स्विच उघडलात की आत गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब दिसेल. दोन बारीक तारा, वर हिरव्या रबराची टोपी. आमच्यातल्या आठांपैकी दोन जिवंत होते. बाकीच्यांची काच आतून काळी पडली होती, आणि टोप्या चिमटीत धरल्या की भुगा व्हायच्या. इंदूरच्या महाराणी रोडवरून ३ मिलीमीटरचे एलईडी आणि रेझिस्टन्स (वीज आवरून धरणारे छोटे तुकडे) आणले. दुकानदाराने '१२ व्होल्ट के लिए' म्हणून ४७० ओमचे दिले. ते घेऊ नका. इंजिन चालू असताना गाडीत १२ नाही, १४.४ व्होल्टपर्यंत असतात. त्यातले ३ च्या आसपास एलईडी घेतो, उरलेले ११ रेझिस्टन्सवर पडतात. ४७० ओममधून २४ मिलिअँपिअर जातात आणि पाव वॅटचा रेझिस्टन्स त्याच्या ताकदीबाहेर तापतो, तेही बंद प्लास्टिकच्या डबीत. १.२ के, म्हणजे १२०० ओमचा लावा, तपकिरी-लाल-लाल पट्ट्यांचा. मी पुढे तेही काढून २.२ के लावले, कारण अंधारात तेवढाच उजेड डोळ्यांना बरा वाटतो.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो, एलईडीचा समोर एका ठिपक्यात पडतो. त्यामुळे बटणावरच्या चित्राचा मधला भाग लखलखतो आणि कडा काळ्या राहतात. मी प्रत्येक एलईडीचं गोल डोकं पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि दुधी केलं. आठ एलईडी घासायला एक संध्याकाळ गेली, पण उजेड असा सारखा पसरला की मूळचा वाटावा. एसीच्या पॅनेलमागे मात्र एकाच बल्बचा उजेड पारदर्शक प्लास्टिकमधून दोन्ही टोकांपर्यंत नेलेला असतो. तिथे बाजूंनीही उजेड देणारा एलईडी लागतो, साधा चालत नाही.

गुरुवारी रात्री काम संपलं. बाबा अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले, पार्किंगचे दिवे लावले आणि एकेक बटण दाबून बघितलं. बोलले काही नाहीत. मागच्या काचेचं बटण तेवढं दोनदा दाबलं.

तिथेच थांबायला हवं होतं. मला हुरूप आला आणि त्याच रात्री मीटर खाली उतरवलं. मागे लवचीक फिल्मवर तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यात पाव वळसा देऊन बसणारे होल्डर. आधीच्या खरेदीत पाचरीसारख्या बुडाचे, थेट होल्डरमध्ये बसणारे तयार एलईडी आणले होते, ते सगळीकडे बसवले. एलईडीला उलटसुलट असतं. उलटा बसला तर लागत नाही, होल्डर काढून अर्धा फिरवून बसवला की लागतो. मीटरच्या उजेडाचे सगळे तपासले. इशाऱ्यांचे तपासले नाहीत, रात्रीचे दोन वाजले होते. बॅटरीचा उलटा बसला होता.

रविवारी ओंकारेश्वर. सकाळी निघालो, दर्शन झालं, जेवणं झाली. संध्याकाळी निघताना सेल्फ जड फिरला. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मोरटक्क्याचा पूल ओलांडून बडवाहच्या पुढे आलो आणि हेडलाइट पिवळे पडायला लागले. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. बॅटरीचा लाल दिवा लागला असता तर बडवाहलाच थांबलो असतो. तो लागला नाही, कारण मीच त्याला आंधळा करून ठेवला होता. घाटातल्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि सगळं विझलं. हॅझर्डसुद्धा लागेना. मागून ट्रक चढत होते. बाबांनी चाकामागे दगड लावला आणि टॉर्च घेऊन मागे वीस पावलांवर उभे राहिले. ज्या माणसाला रात्री नीट दिसत नाही म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, तो माणूस घाटात ट्रकांना टॉर्च दाखवत उभा होता. हे मी विसरू शकत नाही. शेवटी एका पिकअपवाल्याने दोर लावून सिमरोलपर्यंत टोचन करून आणलं.

सोमवारी जिथे गाडी नेली तिथे ऐकवलं, 'भिया, अल्टरनेटर गया.' म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग. तीन हजार आठशे रुपये देऊन अल्टरनेटर बांधून घेतला, बॅटरी चार्ज केली. दोन दिवसांनी परत बॅटरी खाली. मग अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बदलला, तरी तेच. एव्हाना रामबागेतल्या घरात काकांचा निकाल लागला होता: 'दिव्यांच्या नादात पोराने चांगली गाडी बसवली. कंपनीचे इंजिनिअर काय मूर्ख होते?'

उत्तर मिळालं छोटी ग्वालटोलीतल्या एका म्हाताऱ्या बॅटरीवाल्याकडे. त्याने बॉनेट उघडायच्याही आधी विचारलं, 'मीटर का कोई बल्ब बदला क्या?' मी हो म्हटलं. त्याच्याकडे होल्डरमधला एक जुना बल्ब होता, दोन वायरी सोडलेला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी अल्टरनेटरच्या त्या बारीक टर्मिनलला जिथून मीटरच्या दिव्याची वायर येते. बल्ब लागला. मग मला रेस द्यायला सांगितली, आणि तो बल्ब माझ्या डोळ्यांदेखत विझला. मल्टीमीटरवर बॅटरीचे १२.१ व्होल्टचे १४.२ झाले. अल्टरनेटर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता.

कारण असं आहे. अशा जुन्या गाडीत अल्टरनेटरला वीज तयार करायला सुरुवातीला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते, म्हणजे आतल्या रोटरचं चुंबक जागं होतं. ती वीज त्या इशाऱ्याच्या बल्बमधूनच जाते. १.२ वॅटचा बल्ब १०० मिलिअँपिअर देतो, ३ वॅटचा २५० देतो. एलईडी सरळ बसवला तरी १०-१५ देतो, उलटा बसवला तर काहीच नाही. कधीकधी उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जोरात रेस दिली की काम होतं, पण बाबा रेस देणाऱ्यातले नाहीत. अल्टरनेटर चालू झाला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट येतात, म्हणून तो विझतो. तिथे एलईडी हवाच असेल तर त्याला समांतर १०० ओम, ५ वॅटचा रेझिस्टन्स जोडावा लागतो. मी म्हणतो, जोडू नका. मूळचा बल्ब राहू द्या. आमच्यात तोच परत बसवला आणि त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

काका हे वाचतात, त्यांना मुलगी वाचून दाखवते, म्हणून इथेच लिहितो. काका, तुमचं 'ओरिजिनल ते ओरिजिनल' मला पटत नाही आणि पटणार नाही. त्या इंजिनिअरांनी बल्ब लावले कारण त्यांच्यासमोर दुसरं काही नव्हतं. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण जपानी शास्त्रज्ञ शुजी नाकामुरांनी भरपूर उजेडाचा निळा एलईडी जगासमोर आणला १९९३ मध्ये, आणि त्याच्याशिवाय पांढरा होत नाही. त्याच कामासाठी त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्यासोबत २०१४ चं नोबेल मिळालं. आमची गाडी आखली गेली तेव्हा कुठल्या कारखान्याने ते दोन रुपयांना दिले असते? आठ बटणांचे एलईडी आजही तेच आहेत, एकही गेलेला नाही. चूक माझी एका बल्बाची होती, ती मी कबूल करतो. पण अल्टरनेटरचे तीन हजार आठशे एलईडीच्या नावावर मांडू नका. न तपासता 'गया' म्हणणाऱ्याच्या नावावर मांडा.

आता रंग. निळा लावू नका, कितीही चांगला दिसला तरी. रात्री डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि समोर निळा ठिपका असला की ती मोडते. मूळचा जो रंग असेल तोच घ्या. बटणाच्या चित्राला हिरवी किंवा नारिंगी फिल्म असेल तर तिच्यातून तिच्याच रंगाचा उजेड जातो, मागे निळा लावलात तर बटण जवळजवळ काळंच दिसेल. आमचं हिरवं होतं, हिरवेच लावले.

बॅटरी वाचते का? दहा बल्बचे मिळून फार तर १२ वॅट. एका हेडलाइटच्या बल्बचे ५५. सरासरीत शून्य फरक. वाचतं ते हे की स्विच तापत नाही आणि परत उघडावा लागत नाही.

मीटरचा उजेड कमी-जास्त करायची चकती एलईडीवर नीट चालेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या, नुसता रेझिस्टन्स वाढवणाऱ्या चकतीने एलईडी जेमतेम मंद होतात, म्हणून सुरुवातीलाच २.२ के घाला. अल्टरनेटर कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या नव्या गाड्यांना वर लिहिलेलं बल्बचं गणित लागू नाही, तुमच्या २००१ च्या गाडीला बहुतेक लागू होईल. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढा. आणि काम झाल्यावर, गाडी हलवायच्या आधी, इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवा आणि बॅटरीचा लाल दिवा लागतोय का ते बघा. भर उन्हात बघू नका, मीटरवर हाताची सावली धरून बघा.

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिकडची बटणं घरी उघडू नका. एअरबॅगच्या इशाऱ्याचा बल्बसुद्धा तसाच राहू द्या.