चिपवरच्या लायडारमध्ये मायक्रोलेन्स बसवून खरंच फायदा होतो का, की लेझरची शक्तीच वाढवावी?

तुम्ही लिहिलंय की एम.टेक.च्या प्रोजेक्टमधल्या सिलिकॉन चिपवरच्या लायडारचा (लेझरचा प्रकाश सोडून, परतलेल्या प्रकाशावरून अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) पल्ला कमी पडतोय, आणि प्रत्येक अँटेनावर, म्हणजे चिपमधला प्रकाश बाहेर सोडणाऱ्या बारीक रचनेवर, मायक्रोलेन्स (काही मायक्रोमीटरचं इवलंसं भिंग) बसवण्याची खटपट करावी की सरळ मोठा लेझर घ्यावा, हे ठरत नाहीये. माझं उत्तर: आधी मायक्रोलेन्स. मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑप्टिक्स शिकवते. मुलं पहिल्यांदा लेझरची शक्तीच विचारतात. त्यातला किती प्रकाश परत पदरात पडतो, हा प्रश्न फार उशिरा येतो.

मोठ्या लेझरची वाट दोन ठिकाणी अडते. १५५० नॅनोमीटरला डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणीच बराचसा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे सुरक्षिततेची मर्यादा ९०५ नॅनोमीटरपेक्षा सैल आहे. पण मर्यादा आहेच. दुसरी अडचण सिलिकॉनची. या तरंगलांबीचा एक फोटॉन ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ चा. एकटा फोटॉन सुखरूप निघून जातो. पण बारीक वेव्हगाइडमध्ये (चिपवरून प्रकाश नेणाऱ्या वाटेत) गर्दी वाढली की दोन फोटॉन एकदम शोषले जातात, त्यातून मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणखी प्रकाश खातात. म्हणजे तुम्ही शक्ती वाढवत जाता आणि वाढीव शक्ती चिपमध्येच मुरते.

आता प्रकाश वाया कुठे जातो ते पाहू. तुमच्या चिपची रचना कॅमेऱ्यासारखी आहे असं धरते: मुख्य लेन्सच्या फोकल प्लेनवर (कॅमेऱ्यात सेन्सर असतो त्या जागी) ग्रेटिंग अँटेनांची, म्हणजे बारीक चरे पाडून केलेल्या अँटेनांची, जाळी, आणि जो अँटेना चालू होईल त्या दिशेला किरण जाणार. २०२२ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मिंग वू यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये अशीच चिप दाखवली. १२८ × १२८ म्हणजे १६,३८४ पिक्सेल, ७०° × ७०° चं दृष्टिक्षेत्र, आणि हे सगळं साधारण १० × ११ मिलिमीटरच्या चिपवर. त्यात शेजारच्या दोन दिशांमध्ये ०.६° अंतर होतं आणि किरणाचं स्वतःचं फैलणं सुमारे ०.०५°. पिक्सेलच्या जागेच्या मानाने अँटेना किती लहान असतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

लहान अँटेनातून निघालेला प्रकाश जास्त फाकतो, आणि इथेच घोडं पेंड खातं. समजा अँटेनाचा मोड, म्हणजे त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा ठिपका, ५ मायक्रोमीटर व्यासाचा आहे. तो गाउसियन (मध्यात प्रखर, कडेला मंदावत जाणारा) धरला तर फाकण्याचा अर्धकोन सुमारे ११° येतो. मुख्य लेन्स एफ/४ (फोकल लांबी व्यासाच्या चौपट) असेल तर तिच्या वाट्याला फक्त ७° चा अर्धकोन येतो. निघालेल्या प्रकाशातला जेमतेम ५४ टक्के ती पकडते. आता अँटेनापासून २५ मायक्रोमीटरवर तेवढ्याच फोकल लांबीची मायक्रोलेन्स ठेवा. मोड १० मायक्रोमीटरचा होतो, अर्धकोन साडेपाच अंशांच्या आसपास येतो आणि ९६ टक्के प्रकाश लेन्समधून जातो.

तोच अँटेना परतीचा प्रकाशही घेत असेल तर हा हिशेब दोनदा लागतो. म्हणून एकूण सिग्नल साधारण तिप्पट होतो. पसरट पृष्ठभागावरून परतणारा सिग्नल अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे पल्ला सुमारे १.७ पट. लेझर होता तोच.

पण मोड फुगवत नेऊ नका. २० मायक्रोमीटरचा केलात तर प्रकाश वाया जाणार नाही, मात्र किरण मुख्य लेन्सचा मधला तुकडाच वापरेल आणि परतीचा प्रकाश गोळा करायला तेवढाच तुकडा उरेल. एकाच वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्या कोहेरंट लायडारसाठी (परतलेला प्रकाश मूळ लेझरच्या प्रकाशात मिसळून मोजणाऱ्या) किरणाचा व्यास लेन्सच्या व्यासाच्या ८० टक्क्यांच्या आसपास असावा, हा जुना, पक्का निष्कर्ष आहे. वरचं उदाहरण नेमकं तिथेच बसतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा उपयोग कडेच्या पिक्सेलचा आहे. सरळ वर निघालेला कडेचा किरण साध्या मुख्य लेन्सच्या अ‍ॅपर्चरबाहेर जातो. मायक्रोलेन्स अँटेनाच्या डोक्यावरून थोडी आत, मध्याच्या बाजूला सरकवली की किरण मध्याकडे झुकतो. २५ मायक्रोमीटरच्या फोकल लांबीला १०° झुकवायला ४.४ मायक्रोमीटर पुरतात. मध्याकडून कडेकडे हे सरकणं वाढवत नेलं की महागडी टेलिसेंट्रिक लेन्स (कडेचे सरळ निघालेले किरणही सामावून घेणारी) टळते.

याची दुसरी बाजू म्हणजे जुळणी. नकळत १ मायक्रोमीटर चूक झाली तर किरण २.३° कलतो. आमच्या लॅबमध्ये सिंगल-मोड फायबरच्या टोकासमोर लेन्स, पुढे आरसा आणि परतीच्या फांदीवर पॉवर मीटर अशी मांडणी आहे. स्टेजचा स्क्रू केसभर फिरवला की मीटरचा आकडा धाडकन खाली येतो. त्या फायबरचा मोड १० मायक्रोमीटरच्या आसपास, तुमचा अँटेना त्याच्या निम्मा. तेव्हा लेन्स एकेक चिकटवण्याच्या फंदात पडू नका. फोटोरेझिस्ट वितळवून त्याला पृष्ठताणाने गोलाई आणणं किंवा थ्री-डी लेझर प्रिंटिंग, या दोन्हींत चिपवरच्याच खुणांना धरून पूर्ण जाळी जागेवरच तयार होते.

दोन गोष्टी मायक्रोलेन्सच्या हातात नाहीत. ग्रेटिंग बराच प्रकाश खाली सबस्ट्रेटमध्ये (चिपच्या तळाच्या थरात) सोडतं; त्याला खालून परावर्तक किंवा असममित ग्रेटिंगच हवं. आणि लेन्सच्या पृष्ठभागावरून उलटणारा प्रकाश: काचेचा सुमारे ४ टक्के, उघड्या सिलिकॉनचा ३० टक्के. एफएमसीडब्ल्यू लायडारमध्ये (सतत चालू लेझरची वारंवारिता बदलत अंतर मोजणाऱ्या) हा थेट डिटेक्टरवर येऊन जवळच्या वस्तूंचा सिग्नल झाकतो, म्हणून अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर काटकसर करू नका.

तुमच्या अँटेनाचा मोड किती मायक्रोमीटरचा आहे आणि मुख्य लेन्सचा एफ-नंबर काय, एवढं कळवा. मोड आधीच ९-१० मायक्रोमीटरचा आणि लेन्स एफ/४ असेल, तर मधल्या पिक्सेलना फारसं काही मिळणार नाही. मग फक्त कडेच्या पिक्सेलसाठी लेन्स सरकवण्याचाच विचार करू.