ओपन ऑनडिमांडवर ज्युपिटर: वाचकांचे प्रश्न

ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने घडवलेल्या, ब्राउझरमधून क्लस्टर वापरू देणाऱ्या ओपन ऑनडिमांड पोर्टलवर ज्युपिटरचं (ब्राउझरमध्ये नोटबुक लिहून कोड चालवायचं साधन) ॲप बसवणाऱ्या आणि वापरणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. शेड्युलर, म्हणजे कामांना (जॉबना) क्लस्टरमधली यंत्रं (नोड) वाटून देणारा प्रोग्रॅम, स्लर्म आहे असं धरलं आहे.

सेशनच्या कार्डावर ‘रनिंग’ दिसतं, जोडणीचं बटणही येतं, पण दाबलं की ४०४. ज्युपिटर पुन्हा बसवू का?

नको. नोडवर ज्युपिटर बहुधा नीट चालू आहे. ब्राउझरची विनंती वेब सर्व्हरमार्फत नोडकडे नेणारा रिव्हर्स प्रॉक्सी ओपन ऑनडिमांडमध्ये मुळात बंदच असतो. ऊड_पोर्टल.वायएमएलमध्ये नोड_यूआरआयला ‘/नोड’ आणि आरनोड_यूआरआयला ‘/आरनोड’ द्या, होस्ट_रेजेक्स (नोडांच्या नावांचा नमुना) भरा, अपडेट_ऊड_पोर्टल चालवा आणि अपाचे पुन्हा सुरू करा. होस्ट_रेजेक्समध्ये ‘काहीही चालेल’ असा नमुना टाकून मोकळं होऊ नका, नाहीतर तुमचा वेब सर्व्हर कुठल्याही यंत्राकडे नेणारी उघडी वाट बनतो. फक्त कॉम्प्युट नोडांची नावं जुळतील एवढाच नमुना ठेवा. नोड आपलं नाव आखूड सांगतो की डोमेनसह, हेही पाहा, कारण नमुना त्याच रूपाशी जुळायला हवा.

४०४ ऐवजी ५०३ येत असेल तर प्रॉक्सीची वाट उघडी आहे, पण पलीकडून उत्तर येत नाही. तेव्हा वेब सर्व्हर आणि नोड यांच्यामधली फायरवॉल तपासा.

फॉर्ममध्ये ८ कोअर (प्रोसेसरचे गाभे) मागितले तर ८ नोड अडकले. असं का?

तुम्ही फॉर्ममध्ये बीसी_नम_स्लॉट्स हा तयार रकाना वापरलाय. वर ‘कोअर’ असं लेबल लावलं तरी स्लर्मकडे तो आकडा नोडांची संख्या म्हणूनच जातो. तो काढा आणि नम_कोअर्स असा स्वतःचा रकाना करा: प्रकार नंबर_फील्ड, किमान १, कमाल तुमच्या नोडवरचे कोअर. मग सबमिट.वायएमएल.ईआरबीमध्ये ‘स्क्रिप्ट’खाली ‘नेटिव्ह’ यादीत --नोड्सला १ आणि --सीपीयूज-पर-टास्कला नम_कोअर्स द्या. पर्याय आणि त्याचं मूल्य यादीत वेगवेगळ्या ओळींवर हवेत. ‘--मेम ८जी’ एकाच ओळीत लिहिलं, तर स्लर्म त्या अख्ख्या मजकुराला एकच अनोळखी पर्याय समजतं.

लेबलावर विसंबू नका. सेशनच्या फोल्डरातली जॉब_स्क्रिप्ट_ऑप्शन्स.जेसन उघडून काय पाठवलं ते वाचा. प्रत्यक्षात काय मिळालं ते ‘एसकंट्रोल शो जॉब’ सांगेल. एवढं करूनही पायथनचं ओएस.सीपीयू_काउंट() अख्ख्या नोडचे कोअर दाखवतं, आणि त्याच आकड्यावर थ्रेड उघडणाऱ्या लायब्ऱ्या समजा ६४ कोअरच्या नोडवर, मिळालेल्या ८ कोअरवर ६४ थ्रेड सोडून काम रेंगाळवतात. म्हणून स्क्रिप्ट.एसएच.ईआरबीमध्ये ओएमपी_नम_थ्रेड्सला स्लर्म_सीपीयूज_पर_टास्कचं मूल्य द्या.

मोठी फाइल वाचताना ‘कर्नल रीस्टार्ट होतोय’ येतं. एररही दिसत नाही.

बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. मर्यादा ओलांडली की लिनक्स ज्युपिटरच्या कर्नलची (नोटबुकचा कोड चालवणारी) प्रोसेस मारतं, पण ज्युपिटरचा सर्व्हर जगतो. म्हणून ब्राउझरला फक्त रीस्टार्ट दिसतो. सेशन संपल्यावर स्लर्मच्या जॉबनोंदी दाखवणाऱ्या ‘एसअ‍ॅक्ट’मध्ये आउट_ऑफ_मेमरी शोधा. मॅक्सआरएसएस (वापरलेल्या मेमरीचा कमाल आकडा) मर्यादेच्या खाली दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका: तो ठराविक अंतराने मोजतात, झटक्यात आलेली उडी हुकू शकते. फॉर्ममध्ये मेमरीचा रकानाच नसेल तर क्लस्टरची ठरलेली मर्यादा लागू होते, आणि ती बऱ्याचदा तोकडी असते.

माझं कोंडा एन्व्हायर्नमेंट (पायथन आणि पॅकेजांचा स्वतंत्र संच) कर्नलच्या यादीत कसं आणू?

त्यात आयपायकर्नल बसवा आणि तिथल्याच पायथनने ‘आयपायकर्नल इन्स्टॉल --यूझर --नेम’ चालवा. एक मेख आहे: कर्नल.जेसनमध्ये फक्त त्या पायथनचा पूर्ण पत्ता नोंदला जातो, एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट होत नाही. सीयूडीएसारखी (जीपीयूसाठीची) मॉड्यूलं लागणार असतील तर त्यांचे व्हेरिएबल त्याच फाइलच्या ‘एन्व’ भागात लिहा. होमचा कोटा लहान असेल तर एन्व्हायर्नमेंट --प्रीफिक्स देऊन प्रोजेक्टच्या जागेत बनवा.

ब्राउझर बंद केला तर काम थांबतं का?

नाही. मागितलेले तास संपेपर्यंत किंवा तुम्ही सेशन डिलीट करेपर्यंत जॉब चालतो आणि तुमच्या खात्यातून तासही जातात. मात्र टॅब बंद असताना छापलेला मजकूर परत दिसेलच असं नाही. रात्रभराचं काम असेल तर नोटबुक एसबॅचमधून (स्लर्मकडे जॉब पाठवणारी आज्ञा) ज्युपिटरच्या एनबीकन्व्हर्टच्या --एक्झिक्यूट पर्यायाने चालवा.