पगार, कार्ड आणि दीघजाणूचा प्रश्न

आयुष्मान,
सप्रेम जय भीम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि सोबतचं तीन महिन्यांचं स्टेटमेंटही सावकाश बघितलं. तू लिहितोस, विहारात तृष्णेवरचं प्रवचन चालू असताना पायातल्या नव्या बुटांची लाज वाटते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुने बूट घातले की त्यांचीही वाटते. आधी त्या लाजेबद्दल बोलू, कारण ती मनात असली की माणूस हिशेबच टाळतो. इतकी वर्षं पतसंस्थेत खिडकीमागे बसून हेच पाहिलं. ज्याला स्वतःच्या खर्चाची लाज वाटते, तो पासबुक उघडतच नाही.

अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात कोलिय लोकांच्या कक्करपत्त गावची एक गोष्ट आहे. दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, सरळ सांगतो, की आम्ही संसारी माणसं, लेकराबाळांच्या गर्दीत राहतो, काशीचं चंदन लावतो, सोन्याचांदीचे व्यवहार करतो. आम्हाला या जन्मात उपयोगी पडेल असा धम्म सांगा. भगवंत त्याला चंदन टाकून दे म्हणाले नाहीत. चार गोष्टी सांगितल्या: कष्टाने कमव, कमावलेलं जप, चांगल्या माणसांची संगत धर आणि समजीविता ठेव. समजीविता म्हणजे किती येतं आणि किती जातं हे ठाऊक असणं, आणि येणं जाण्यापेक्षा वरचढ राहील असं जगणं. थोडकी मिळकत असून थाटात राहणाऱ्याला लोक उंबर खाणारा म्हणतात, असं ते सांगतात. चार फळं खायची आणि झाड गदागदा हलवून सडा पाडायचा. मोठी मिळकत असून हलाखीत राहणाऱ्यालाही ते सोडत नाहीत. तो उपाशी माणसासारखा मरेल, असं लोक म्हणतात. तेव्हा तुला बूट लागत असतील तर घे. प्रश्न ते कुठल्या पैशांनी घेतलेस हा आहे.

आता स्टेटमेंट. तू म्हणतोस पैसा कुठे जातो कळत नाही. मी फक्त व्यवहारांच्या वेळा बघितल्या. खोलीभाडं, मेस, बसचा पास हे सगळं दिवसा गेलंय. बाकीचं बहुतेक रात्री साडेदहानंतर: कुठे १८०, कुठे २४९, एकदा सेलमधलं जॅकेट, आणि मेसचं जेवण झालेलं असताना मागवलेली बिर्याणी. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्धांनी केलेल्या उपदेशात, संपत्ती गळण्याची सहा तोंडं सांगितली आहेत. त्यातलं पहिलं व्यसन, दुसरं अवेळी रस्त्यांवर भटकणं. तू पलंगावर पडून असतोस, पण तो बाजार तुझ्या हातात रात्रभर उघडा असतो, आणि तुझं भटकणं तेच आहे. रात्री दहाला फोन चार्जिंगला लाव तो दाराजवळच्या प्लगला, उशाशी नको. एवढं एक महिना करून बघ. बजेटचं ॲप नंतर उतरवून घेऊ.

सगळ्यात जास्त काळजी मला क्रेडिट कार्डाची वाटते. ४०,००० रुपये थकलेत आणि तू दर महिन्याला किमान देय रक्कम, २,००० रुपये, भरून मोकळा होतोस. तुझ्या बिलावरच व्याज महिना साडेतीन टक्के लिहिलंय. म्हणजे १,४०० रुपये व्याज. व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ते २५२. तुझ्या २,००० मधून मुद्दलात गेले ३४८ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, त्यामुळे मुद्दल तिथंच घोटाळतंय. अनाथपिंडिक या श्रीमंत व्यापारी उपासकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात ऋण नसण्याचं सुख वेगळं मोजलंय. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या दारात काय सोसलं ते तुझ्या घरात अजून बोललं जातं. मोबाईलवर चकचकीत दिसतंय म्हणून हे कर्ज निराळं नाही.

सिगालोवादात मिळकतीचे चार भाग करायला सांगितलेत: एक उपभोगायला, दोन कामधंद्यात घालायला, चौथा अडीअडचणीसाठी ठेवायला. तुझ्या ३२,००० चे हे चार भाग शहरात, घरातली पहिली नोकरी असताना, जसेच्या तसे बसणार नाहीत, आणि ते बसवायचा हट्ट धरू नकोस. घरी ८,००० पाठवतोस, ते कमी करू नकोस. आईवडिलांनी मला पोसलं, आता मी त्यांना पोसेन, हे त्याच सुत्तात आहे. भाडं, मेस, पास, मोबाईल मिळून १२,०००. उरले १२,०००. त्यातले ८,००० पगाराच्याच दिवशी कार्डात भर. नवीन काही त्या कार्डावर घेतलं नाहीस तर सहा महिन्यांत ते मिटतं. हजार रुपये वेगळ्या खात्यात, अडीअडचणीसाठी. राहिलेले तीन हजार तुझे, त्यांचा हिशेब मलाही देऊ नकोस. कार्ड मिटलं की मोकळे होणारे ८,००० मात्र कामधंद्याच्या भागात गेले पाहिजेत. तो अर्धवट सोडलेला कोर्स त्यातच येतो.

आता जरा कडक बोलते. जयंतीला मंडळाला ५,००१ रुपये दिलेस, तेही कार्डावरून. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितलं. मिळकतीचा, बाळा, उधारीचा नाही. आणि तो पैसा डीजेच्या भिंतीत गेला, हे तुलाही माहीत आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत दिवे गेलेत, तिथे हजार रुपये पुरले असते. तुझा विसावा भाग १,६०० रुपये होतो. कार्ड मिटेपर्यंत तो पैशात देऊ नकोस. रविवारी दोन तास दहावीच्या पोरांना गणित शिकव, ते तुझं दान. सातव्या महिन्यापासून १,६०० सुरू कर, आणि पावती मागून घे. मंडळातली मुलं नाराज होतील. होऊ देत.

पंचशील घेताना आपण म्हणतो, न दिलेलं घेणार नाही. रूम पार्टनरचे साडेतीन हजार दिवाळीपासून तुझ्याकडे आहेत. त्याने दिले तेव्हा ‘पुढच्या पगाराला देतो’ म्हणाला होतास. पहिले दोन महिने तुझ्या त्या तीन हजारांतून आधी त्याचे फेड.

दर पौर्णिमेला वंदना झाली की वही घेऊन पंधरा मिनिटं बसायचं, एवढं व्रत घे. आकडे हाताने लिही. काय आलं, काय गेलं, कार्डात किती उरलं. कमी-जास्त झालं म्हणून स्वतःला बोल लावत बसू नकोस, पुढच्या पानावर जा.

आणि या आठवड्यात बँकेला फोन करून विचार, थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून मिळेल का, त्यावर व्याज किती आणि प्रोसेसिंग फी किती. आकडे लिहून घे, होकार लगेच देऊ नकोस. संध्याकाळी मला कळव, मी मांडून बघते.

तुझी,
मावशी