‘२४ तासांत तुमचं पेज बंद होईल’ असा फेसबुकचा मेल आलाय, खरा असेल का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की दुकानाच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत लिंकवर जाऊन अपील करा, नाहीतर पेज काढून टाकू, असा मेल आलाय. त्या लिंकला हात लावू नका. गेल्या लग्नसराईत माझ्या वहिनीला अगदी असाच मेल आला होता.

वहिनी बेळगावात, शहापूरला घरी मांडे करून विकते. ऑर्डरी बहुतेक पेजवरूनच येतात. मेलवर फेसबुकचं निळं चिन्ह, खाली इंग्रजीत कायद्याची भाषा. घाबरून तिनं पासवर्ड टाकला आणि पुढच्या पानावर मोबाइलवर आलेला सहा आकडी कोडही टाकला. पलीकडे बसलेला माणूस तोच पासवर्ड आणि तोच कोड त्याच वेळी खऱ्या फेसबुकमध्ये टाकत होता. म्हणून टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही मागणारी सोय, चालू असूनही खातं गेलं. संध्याकाळपर्यंत तिच्या गिऱ्हाइकांना ‘ॲडव्हान्स पाठवा’ असे मेसेज गेले होते.

नंतर तो मेल मी नीट बघितला. पाठवणाऱ्याचं नाव ‘फेसबुक सपोर्ट’, पण नावावर बोट टेकवल्यावर खाली साधा जीमेलचा पत्ता. मेलमधलं बटण दाबून धरलं तर खरी लिंक दिसते. त्यात सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं ते मालकाचं नाव. ‘फेसबुक डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असेल तर ती जागा अमुकतमुकची, फेसबुकची नव्हे. उलट ‘फेसबुकमेल डॉट कॉम’ हा पत्ता बनावट वाटतो, पण तो फेसबुकचाच आहे. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

मेल तसाच ठेवा आणि फेसबुकचं ॲप स्वतः उघडा. सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पासवर्ड अँड सिक्युरिटी, मग रिसेंट ईमेल्स. फेसबुकनं अलीकडे पाठवलेले मेल तिथं दिसतात. तुमचा मेल त्यात नसेल तर तो खोटा धरा. आणि फेसबुक मेलवर पासवर्ड कधीच मागत नाही.

आपल्या भागात ऑफिसातून कन्नड कागद आला की आपण सही करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घेतो की. इंग्रजी मेलला मात्र ती सवय लागत नाही, फोन हातातच असतो ना. वहिनी त्या दिवशी मला हाक मारून विचारू शकली असती, मी शेजारच्या खोलीत होतो. ते अजून मनाला लागतं.

लिंक उघडली असेल पण काही टाईप केलं नसेल, तर पासवर्ड गेलेला नाही. टाकला असेल तर आत्ताच बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, आणि तोच पासवर्ड मेललाही असेल तर तोही बदला. आत शिरताच येत नसेल तर ‘फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड’ उघडा. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

डिलीट करण्याआधी तो मेल ‘फिश ॲट एफबी डॉट कॉम’ (phish@fb.com) वर फॉरवर्ड करा आणि शेजारच्या दुकानदारांना दाखवा. वहिनीनंतर आठवड्याभरात आमच्याच गल्लीतल्या एका शिंप्याला तोच मेल आला. त्यानं आधी आम्हाला आणून दाखवला.